तक्रार नाही

सकाळचे नऊ वाजून अठरा मिनिटे झाली आहेत आणि संपदा पाटोळे अकरावे पाकीट फोडते आहे. कात्री ती वापरत नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कात्रीने एका पासबुकाच्या झेरॉक्सचा कोपरा उडाला होता आणि खाते क्रमांक नेमका त्या कोपऱ्यात होता. तेव्हापासून ती मुलीच्या कंपासपेटीतली स्टीलची पट्टी वापरते. पट्टी दुमडीत सरकवायची, एक झटका द्यायचा, आतले कागद काढायचे आणि रिकामे पाकीट त्यांनाच टाचायचे. पाकीट टाकायचे नसते. पोस्टाचा शिक्का हा पुरावा असतो.

बाराव्या पाकिटावरचे अक्षर तिने लगेच ओळखले. उजवीकडे झुकलेले, प्रत्येक शब्दावर घट्ट रेघ. आटपाडी तालुक्यातले भानुदास ठोंबरे. हे त्यांचे तिसरे पत्र.

चंदीगडच्या सेक्टर सतरामधल्या या कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, देशभरातून बँकांविरुद्धच्या तक्रारी कागदावर येतात. ज्यांना संकेतस्थळ जमते ते संकेतस्थळावर लिहितात. उरलेले पोस्टाने पाठवतात, आपापल्या भाषेत. टेबलांच्या एका रांगेत तमिळ, ओडिया, बंगाली, गुजराती आणि मराठी वाचणारी माणसे बसतात. सगळी कंत्राटावर आहेत. संपदाचे माहेर कवठेमहांकाळचे. नवरा श्रीराम सैन्यात नायब सुभेदार, तीन वर्षांपासून चंडीमंदिरला. छावणीतल्या एका ओळखीच्या बाईंनी सांगितले की मराठी वाचणारे कोणी हवे आहे. संपदा गेली, एक पान वाचून दाखवले आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागली.

काम भाषांतराचे नाही, नोंदीचे आहे. प्रत्येक पत्रासाठी संगणकाच्या पडद्यावर बावीस रकाने उघडतात. नाव, बँक, शाखा, रक्कम. चौदावा रकाना असा: तक्रारदाराने आधी बँकेकडे लेखी तक्रार केली आहे काय? हो किंवा नाही. हो असेल तर तारीख, आणि त्या तारखेपासून तीस दिवस उलटलेले हवेत. शेवटचा रकाना सारांशाचा. तो इंग्रजीत भरायचा, पण पत्रातल्या मजकुराला धरून. ओडियाच्या टेबलावरच्या एकाने एका गरीब माणसाचे पत्र जरा जोर चढवून लिहिले होते. बँकेने मूळ पत्र मागवले, दोन्ही शेजारी ठेवले. त्या टेबलावर आता दुसरा माणूस बसतो.

निर्णय संपदा घेत नाही. काचेपलीकडे बसणारे अधिकारी घेतात. ते पत्र वाचत नाहीत, कारण त्यांना मराठी येत नाही. ते रकाने वाचतात.

भानुदास ठोंबरे यांचे पहिले पत्र एप्रिलमध्ये आले होते. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त, वय सहासष्ट. पेन्शन महिन्याला एक हजार सहाशे बारा. घर मुलगा चालवतो. पेन्शनमधले चौदाशे पत्नी शालिनी यांच्या दम्याच्या औषधांना जातात, दर महिन्याच्या एक तारखेला. हे सगळे पत्रात होते. सोबत पासबुकाच्या पाच पानांच्या झेरॉक्स होत्या आणि त्या वाचल्यावर काय घडले ते कळत होते.

बँकेने त्यांच्या खात्याला पाच हजारांची ओव्हरड्राफ्टची सोय जोडली होती. म्हणजे खात्यात पैसे नसले तरी पाच हजारांपर्यंत काढता येतात, आणि ते कर्ज असते. सही त्यांचीच होती. एका दुपारी दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात ती कुठेतरी झाली होती. दिवाळीच्या तोंडावर ते एटीएमवर गेले. खात्यात सहाशे चाळीस होते. मशीनने उपलब्ध रक्कम पाच हजार सहाशे चाळीस दाखवली.

पेन्शनवाले वर्षानुवर्षे फरकाची वाट पाहत असतात. फरक म्हणजे वाढीव पेन्शनची थकबाकी, जी आज येणार, उद्या येणार असे प्रत्येक जण प्रत्येकाला सांगतो. भानुदास यांना वाटले, फरक जमा झाला. त्यांनी दोन हजार काढले. घरी पेढे नेले, असेही पत्रात लिहिले होते.

त्या दिवसापासून खाते शून्याच्या खाली आहे. शून्याच्या खाली असताना होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला बँक अडीचशे रुपये शुल्क लावते. त्यावर कर पंचेचाळीस. एकूण दोनशे पंच्याण्णव. पेन्शन जमा झाली की खड्डा थोडा भरतो, ती काढली की पुन्हा होतो, आणि काढली म्हणून दोनशे पंच्याण्णव. मार्चमध्ये बँकेनेच एसएमएसचे अठरा रुपये कापले. खाते शून्याखाली असल्यामुळे त्या अठरा रुपयांवरही दोनशे पंच्याण्णव. एप्रिलपर्यंत असे आठ वेळा झाले होते. दोन हजार तीनशे साठ रुपये, व्याज वेगळे.

पत्राचा शेवट असा होता: ‘माझी बँकेविरुद्ध अगर कोणाही साहेबांविरुद्ध काही तक्रार नाही. मॅनेजरसाहेब भला माणूस आहे. त्यांनाही मी दि. ३ फेब्रुवारी रोजी विनंती अर्ज दिला आहे, पोच सोबत जोडली आहे. तरी कापलेली रक्कम परत मिळावी, ही नम्र विनंती.’

संपदाने सारांश लिहिला. लिहिणाऱ्याची बँकेविरुद्ध तक्रार नाही. शुल्काची रक्कम परत मिळावी अशी विनंती आहे. चौदाव्या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिले, कारण प्रशिक्षणात सांगितले होते की चौकशी, विनंती किंवा अर्ज म्हणजे तक्रार नव्हे. तिला त्यात काही खटकले नाही. तिच्या वडिलांनीही असेच लिहिले असते. तक्रार हा शब्द त्यांच्याकडे पोलीस पाटलाच्या दारात वापरतात.

नऊ दिवसांनी पत्र निकाली निघाले. शेरा: विनंती अथवा मार्गदर्शन.

दुसरे पत्र जूनच्या बारा तारखेला आले. त्याला कार्यालयाचे उत्तर टाचलेले होते. ही उत्तरे मशीन मराठीत करते. ‘आपली तक्रार ही तक्रार स्वरूपाची नसल्यामुळे निकाली काढण्यात आली आहे.’ भानुदास यांनी त्या वाक्याखाली रेघ मारली होती आणि खाली लिहिले होते: ‘हे आपण बरोबर लिहिलेत. मी तसे पहिल्याच पत्रात कळवले होते. आता रक्कम केव्हा मिळेल ते कळवावे.’

तोपर्यंत अकरा वेळा पैसे कापले गेले होते. मधल्या काळात विम्याचा वीस रुपयांचा हप्ता आपोआप गेला होता. त्या वीस रुपयांची किंमत त्यांना तीनशे पंधरा पडली. खाते उणे पावणेपाच हजारांवर आले होते. संपदाने पाकिटाच्या मागे आकडे मांडले. पाच हजारांची मर्यादा जूनअखेर संपणार होती. त्यानंतर मशीन पूर्ण पेन्शन देणार नव्हते. जुलैत चौदाशे. ऑगस्टमध्ये बाराशे. आणि औषध चौदाशेचे.

बंगाली टेबलावर सुतपा बसते. तिच्याकडे येणारी पत्रे अकरा-अकरा पानांची असतात, सोबत वर्तमानपत्रांची कात्रणे.

‘तुम्हारे मराठी लोग कमाल हैं,’ ती म्हणाली. ‘पैसा भी गया, ऊपर से बैंक को सर्टिफिकेट दे रहे हैं.’

‘ते तसंच असतं ग. म्हणजे, वैसे ही लिखते हैं.’

‘तो हमारे यहाँ भेज दो. मैं शिकायत लिखना सिखा दूँगी.’

संपदा पत्र घेऊन काचेपलीकडे गेली. गुरलीन कौर या त्या विभागाच्या अधिकारी. त्यांच्या टेबलावर पत्रे नसतात, फक्त पडदा आणि पाण्याची बाटली.

‘मॅडम, ये कंप्लेंट ही है. मराठी में ऐसे ही लिखते हैं.’

‘लिखा क्या है?’

‘कि तक्रार नहीं है.’

‘तक्रार मतलब?’

‘कंप्लेंट.’

गुरलीन मॅडमनी तिच्याकडे पाहिले. ‘संपदा जी, वो कह रहे हैं कंप्लेंट नहीं है, आप कह रही हैं कंप्लेंट है. मैं किसकी मानूँ?’

‘उनका मतलब...’

‘मतलब का कॉलम है क्या?’

नव्हता. गुरलीन मॅडम वाईट माणूस नाहीत. त्यांनी पासबुकाची पाने उलटली आणि दोनशे पंच्याण्णवच्या नोंदींवर बोट ठेवून मोजल्या. ‘अंधेर है,’ त्या म्हणाल्या. मग सांगितले की या गृहस्थांनी बँकेला नव्याने लिहावे, वर ठळक ‘तक्रार’ असा शब्द घालावा, तीस दिवस थांबावे आणि मग इकडे यावे. सरळ रस्ता आहे.

‘मॅडम, हे त्यांना कळवायचं कसं? लेटर में लिख सकते हैं?’

उत्तराच्या नमुन्यात सहा वाक्ये होती. त्यांतले एक निवडायचे असते. सातवे लिहायला जागा नाही. दुसऱ्या पत्रालाही पहिलेच उत्तर गेले.

तक्रारदाराला फोन करायचा नाही, असा नियम भिंतीवर लावलेला आहे. त्याला कारण आहे: दोन वर्षांपूर्वी कोणीतरी फोन करून पैसे मागितले होते. भानुदास यांनी पत्राच्या तळाशी मोबाइल नंबर लिहिला होता. संपदाने तो उतरवून घेतला नाही. पण नंबर टाइप केला की तो तिच्या लक्षात राहतो, तिला ते थांबवता येत नाही.

त्या संध्याकाळी क्वार्टरमध्ये पोळ्या करताना तिने हे श्रीरामला सांगितले. तो बूट पुसत होता.

‘तुझं काम काय? वाचायचं. वाचलंस. संपलं.’

‘अहो, एका शब्दासाठी अडलंय.’

‘आमच्याकडे एका शब्दासाठी माणूस सात दिवस डिटेन होतो. नियम आहे ना? मग.’

स्वानंदी तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळे कळते. ती उत्तरे हिंदीत देते. ‘मम्मी, आप उनको फोन क्यों नहीं कर लेते?’

‘ऑफिसातून करायचा नाही.’

‘तो अपने फोन से करो ना यार.’

‘यार कोणाला म्हणतेस?’

‘सॉरी जी,’ स्वानंदी म्हणाली, आणि श्रीराम हसला.

दोन आठवडे संपदाने फोन केला नाही. सव्वीस जूनला, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत ती खाली उतरली, सेक्टर सतराच्या चौकातल्या कारंज्यापाशी सावलीतले बाक शोधले आणि नंबर लावला. एक वाजून वीस मिनिटे झाली होती.

‘हॅलो, भानुदास ठोंबरे जी बोलतायत का?’

‘बोलतोय. कोण?’

‘मी चंदीगडहून बोलतेय. तुमचा लेटर मिळाला. तुमच्या खात्यातून ते दोनशे पंच्याण्णव कट होतायत ना जी, त्याची शिकायत... त्याची तक्रार लिहायला पाहिजे.’

पलीकडे मागे कोणीतरी खोकत होते.

‘कुठनं म्हणालात?’

‘चंदीगड. पण मी मूळची कवठेमहांकाळची आहे, काका.’

‘कवठेमहांकाळात जी कोण म्हणतं?’

‘काका, नऊ वर्षं बाहेर आहे हो. आधी अंबाला, मग इथे. ऐका ना. बँकेत परत अर्ज द्या आणि वर फक्त तक्रार असं लिहा. पक्का लिहा. बस, एवढंच करा.’

‘बाई, आमच्या साहेबांनी भिंतीला बोर्ड लावलाय. बँकेचं नाव घेऊन फोन आला तर काय सांगायचं नाही. ओटीपी मिळणार नाही.’

‘मला ओटीपी नकोय.’

‘पहिल्यांदा सगळी असंच म्हणत्यात.’

‘काका, तुमच्या पैशांसाठीच...’

‘माझ्या खात्यात उणे पावणेपाच हजार हायत. ते न्यायचे असतील तर न्या.’

फोन बंद झाला. तिने पुन्हा लावला. तो लागला नाही, नंतरही लागला नाही. बाकावर बसून तिने आपण काय काय बोललो ते आठवून पाहिले. लेटर मिळाला. कट. शिकायत. पक्का. नऊ वर्षांत हे शब्द कधी आले, तिला सांगता आले नसते. माहेरी गेली की भाऊ चिडवतो, ‘आली आमची मॅडम,’ आणि ती हसण्यावारी नेते. रोज आठ तास मराठी वाचूनही बोलायला इथे नवऱ्याखेरीज कोणी नाही, आणि तो कमी बोलतो.

आज, एकतीस जुलैला, बाराव्या पाकिटातला कागद उलगडला तेव्हा सगळ्यात आधी तिला विषयाची ओळ दिसली. मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा: ‘विषय: तक्रार अर्ज’.

तिने खुर्ची पुढे ओढली. त्यांना पटले होते तर. फोन ठेवल्यावर विचार केला असेल, किंवा मुलाने समजावले असेल. सोबत बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत होती, पोच होती, सही-शिक्का होता. तारीख २७ जून. फोनच्या दुसऱ्याच दिवशीची. आज त्याला चौतीस दिवस झाले होते. पोचवर मॅनेजरने स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘३० दिवसांत निराकरण न झाल्यास चंदीगडला पाठवावे.’ जे तिला सांगू दिले नव्हते ते बँकेच्या मॅनेजरने सांगितले होते.

मग तिने पत्र वाचले.

‘दि. २६ जून रोजी दुपारी १ वा. २० मि. चंदीगड येथून एका बाईचा फोन आला. तिची मराठी मोडकीतोडकी होती. गाव जवळचे सांगितले, परंतु ते खोटे असावे. तिला माझे नाव, नंबर व कापलेल्या रकमेचा आकडा अचूक ठाऊक होता. सबब माझी माहिती कोठून तरी बाहेर जात आहे. मी सावध असल्याने फसलो नाही. परंतु दुसरा फसू शकतो. सदर बाईविरुद्ध माझी सक्त तक्रार आहे. तिचा नंबर खाली देत आहे.’

खाली तिचा नंबर होता. दहाही आकडे बरोबर.

त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. ‘कापलेल्या रकमेबाबत मात्र माझी पूर्वीचीच विनंती कायम आहे. आता तेरा वेळा झाले. जुलैत मशीनमधून चौदाशेच निघाले. बँकेविरुद्ध तक्रार नाही.’

सुतपाने मान वळवली. ‘क्या आया?’

‘तक्रार.’

‘सच में? तुम्हारे वाले अंकल?’ सुतपा मनापासून खुश झाली. ‘चलो, मराठी आदमी ने आखिर कंप्लेंट की. मिठाई तो बनती है, पाटोळे मॅडम.’

संपदा पडद्याकडे वळली. तिने बावीस रकाने उघडले. नाव, बँक, शाखा. तक्रारीचा प्रकार: खातेदाराची माहिती बाहेर जाणे, संशयास्पद फोन. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली काय: हो. तारीख: २७ जून. तीस दिवस पूर्ण: हो. कोणाविरुद्ध, या रकान्यात तिने स्वतःचा नंबर टाइप केला आणि एकदा ताडून पाहिला. सारांशाची जागा तीनशे अक्षरांची. फोनचा मजकूर लिहून झाल्यावर चाळीस अक्षरे उरली. त्यांत रकमेची ओळ बसवायची तर ‘बँकेविरुद्ध तक्रार नाही’ हेही लिहायला हवे होते, कारण पत्रात ते होते. तिने दोन वेळा लिहून पाहिले. दुसऱ्या वेळी बसले.

रकाना अपुरा असेल किंवा चौदाव्यात ‘नाही’ असेल तर पडद्यावर लाल पट्टी येते. भानुदास ठोंबरे यांच्या पहिल्या दोन पत्रांना ती आली होती. या वेळी हिरवी आली. नऊ वाजून एकेचाळीस मिनिटांनी तिने पत्र पुढे पाठवले. काचेपलीकडे गुरलीन मॅडम अजून आल्या नव्हत्या. हिरवी पत्रे त्या तीन दिवसांच्या आत उघडतात आणि नंबर असेल तर तो आधी कार्यालयाच्याच यादीत शोधतात.

तिने पट्टी उचलली आणि तेरावे पाकीट घेतले. लातूरचे होते.

उद्या शुक्रवार, एक तारीख. भानुदास ठोंबरे यांची पेन्शन सकाळी नऊच्या आत जमा होते, आणि मशीन त्यांना बाराशे देईल. डाकेची पहिली पिशवी तिसऱ्या मजल्यावर नऊ वाजून पाच मिनिटांनी येते.